चौथीचे वीस डिजिटल पाठ

७ जानेवारी २०१९, सोमवार. सकाळी ११.

ही वही थर्मोडायनॅमिक्सची. पहिली सहा पानं भरलेली, बाकी कोरी. कागद वाया घालवणारा माणूस मी नाही. म्हणून आजपासून रोजनिशी.

परवा संध्याला लग्नाचं विचारलं. सरळ. चिकलठाण्याच्या स्टॉपवर. शेअर रिक्षाच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा विचारलं, तेवढ्यात रिक्षा बंद पडली आणि सगळ्या स्टॉपनं ऐकलं. मला फरक पडत नाही. मी कुणाच्या बापाला भीत नाही. तिचे पप्पा तिथं नव्हते.

संध्यानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. बोटं मोजायला लागली. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षी सोडलंस. जिम अडीच महिने. मोबाइल रिपेअरिंगच्या कोर्सला मोबाइल उघडायला शिकलास आणि बंद करायला शिकवायच्या दिवशी गेलाच नाहीस. मग म्हणाली, धम्मा, एक गोष्ट पूर्ण करून दाखव. कुठलीही. मग बोलू.

‘मग बोलू’ म्हणजे हो. मुली असंच सांगतात.

नोंद: कॉलेज मी सोडलं, कॉलेजनं मला नाही. सर तासभर स्क्रीनवरचं वाचून दाखवायचे. सर, वाचता आम्हालाही येतं, एवढंच भर वर्गात म्हणालो. यात उद्धटपणा कुठं आहे?

९ जानेवारी. दुपार.

गोष्ट सापडली!

संध्या शेंद्र्याच्या पुढं एका संस्थेच्या प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. तिथं एका कंपनीनं टॅब आणि प्रोजेक्टर दिलाय. दोन्ही हेडमास्तर बद्रीनाथ सरांच्या कपाटात. दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी बाहेर काढले होते, तेवढेच. टॅबच्या स्क्रीनवर अजून कुंकू आहे.

संध्याचं नुकतंच ट्रेनिंग झालं. विद्यार्थी-केंद्री शिक्षण. तिनं पुस्तिका दिली. पहिलं पान वाचलं: शिक्षकानं कमी बोलावं, मुलांना प्रश्न पडू द्यावेत, साधनं मुलांच्या हातात द्यावीत. पुढची पानं वाचायची गरज नाही, मुद्दा कळला.

तीस मार्चला केंद्रप्रमुख बाई शाळा बघायला येणार. तोपर्यंत मी चौथीचे वीस डिजिटल पाठ करणार. संध्यानं विचारलं, नक्की वीस? म्हटलं, एकोणीस झाले तर नाव बदलीन.

ऐंशी दिवस, वीस पाठ. चार दिवसांना एक. हातचा मळ.

१२ जानेवारी.

लोगो चालू आहे. लोगोशिवाय पाठ म्हणजे नंबरप्लेटशिवाय गाडी.

१९ जानेवारी, शनिवार.

लोगो झाला नाही, पण शूटिंग सुरू केलं. थांबणाऱ्यातला मी नाही. पडेगावहून शेंद्रा म्हणजे शहराच्या या टोकाहून त्या टोकाला. जिथं बघावं तिथं रस्ता खोदलेला, पूल होणार, पाइप पडणार, बोर्डावर हसरे लोक. दोन तास लागले. पोचलो तेव्हा केसांची स्टाइल गेली होती.

पाठ पहिला, अपूर्णांक. मुलांना गोल बसवलं, मध्यभागी मी. विद्यार्थी-केंद्री. टॅब खिडकीत ठेवून बोलायला सुरुवात केली. शुद्ध बोललो. ‘नमस्कार बालमित्रांनो, आज आपण अपूर्णांकांच्या विश्वात प्रवेश करणार आहोत.’

सांडू नावाच्या पोरानं मोठ्यानं विचारलं, मॅडम, हा दादा बातम्या का देतोय? केसर नावाची एक दोन वेण्यांची मुलगी आहे, तिनं विचारलं, दादा, तू घरीबी असाच बोलतो का? खिचडी करणाऱ्या मनकर्णाबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, लेकरू गुणाचं हाय, पण दमतंय लई. त्याला पाणी द्या कुणीतरी. मग शाळेत पाणीच नाही हे आठवलं. टँकर दुपारनंतर येतो.

संध्या म्हणाली, धम्मा, टॅब त्यांच्या हातात दे. म्हटलं, पडला तर? म्हणाली, पडू दे.

ही बाई शिक्षणक्षेत्रात नवी आहे.

२ फेब्रुवारी.

दिला टॅब. स्वतःच्या मर्जीनं. पडद्यामागचे सीन म्हणून थोडं रॉ मटेरियल लागतंच.

पोरं काय शूट करतात बघितलं. डोक्यावर हात मारून घेतला. एक अख्खा व्हिडिओ मनकर्णाबाईंचा. केसर विचारतेय, काकू, तांदूळ कसा मोजता? बाई सांगतायत, ह्या मापात आठ लेकरं. केसर म्हणते, आज त्रेचाळीस हायेत. बाई म्हणतात, मग पाच मापं आणि वर तीन लेकरं. सांडू विचारतो, तीन लेकरांना किती माप? बाई थांबतात, बोट मापात घालून अर्ध्याच्या खाली एक रेघ दाखवतात. मग वर्गातली सगळी पोरं भांडायला लागतात की रेघ बरोबर आहे का, आणि कागद दुमडून दुमडून त्याचे आठ भाग करतात. सात मिनिटं हेच. बॅकग्राउंड म्युझिक नाही. लाइट नाही. बाईंचा चेहरा अर्धा फ्रेमच्या बाहेर.

संध्यानं तो तीनदा बघितला. प्रेमात माणसाचं असं होतं, मी आणलेल्या टॅबवर काहीही दिसलं तरी आवडतं.

(टॅब मी आणलेला नाही, पण कुंकू मी पुसलं.)

१४ फेब्रुवारी. संध्याकाळ.

मुद्दाम आज गेलो. गुलाब नेला होता. बसमध्ये एका आजींनी त्यावर पिशवी ठेवली. उरलेला नुसता देठ दिला तर बरं दिसणार नाही म्हणून दिला नाही.

संध्यानं विचारलं, किती झाले? म्हटलं, क्वालिटीवर काम चालू आहे. म्हणाली, आकडा सांग. म्हटलं, आकड्यात मोजणं ही जुनी शिक्षणपद्धती आहे. ती फळ्याकडं वळली. खांदे हलत होते. रडली की हसली, कळलं नाही. दोन्ही माझ्या बाजूचंच.

घरी पप्पांनी विचारलं, परीक्षेच्या फॉर्मचं काय. मी म्हणालो, सध्या शिक्षणक्षेत्रातच आहे. पप्पांनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि ड्यूटीला गेले. ही पद्धत चुकीची आहे. माणसानं बोलून मोकळं व्हावं.

२२ फेब्रुवारी.

लोगो झाला. फिरतो. फिरताना ठिणग्या उडतात.

१ मार्च.

आज एडिटिंग करणार होतो, पण नळाला पाणी आलं. सहा दिवसांनी. आईनं टाकी, बादल्या, पातेली, शेवटी कुकरसुद्धा भरायला लावला. म्हणाली, हे तरी पूर्ण कर. हे वाक्य घरात कुणी पसरवलंय?

९ मार्च.

पोरांचं डोकं फिरलंय. टँकर मोजतायत.

झालं असं. शाळेसमोर ट्रॅक्टरचा टँकर येतो, पाच हजार लिटरचा. वस्तीवर दोनशे लिटरचे ड्रम. केसरनं हिशेब केला, पंचवीस ड्रम भरले पाहिजेत. भरतात बावीस. तिनं वर्गात विचारलं, तीन ड्रम कुठं जातात? आता हा प्रश्न पुस्तकात आहे का? नाही. तरी संध्या म्हणाली, तुम्हीच शोधा. आठवडाभर टॅब घेऊन पोरं टँकरमागं. ड्रायव्हर कडुबा ओरडला, मला मोजता व्हय रे, शेंबड्यांनो! ते ओरडणंही पोरांनी शूट केलं आणि पाठाची सुरुवात म्हणून ठेवलं.

मग सांडूला टँकरच्या मागच्या नळातली गळती दिसली. खाली खिचडीची बादली लावली. पंधरा लिटरची बादली, दोन मिनिटांत भरली. रस्ता आणि थांबणं धरून ऐंशी मिनिटं. म्हणजे सहाशे लिटर. म्हणजे तीन ड्रम. बरोब्बर. कडुबा स्वतःच खाली वाकून बघत बसलेला व्हिडिओत दिसतो. म्हणतो, च्यायला.

शैक्षणिक व्हिडिओत शिवी! मी आक्षेप नोंदवला. संध्या म्हणाली, धम्मा, हा अकरावा पाठ. म्हटलं, कुणाचा अकरावा? म्हणाली, त्यांचा. तुझे किती?

मी बोललो नाही. पुस्तिकेत लिहिलंय, कमी बोलावं.

२४ मार्च, रविवार.

बद्रीनाथ सरांकडून टॅब घरी आणला, अंतिम संकलनासाठी. (लॅपटॉप पप्पांनी ताईला दिलाय.) टायटल तयार आहे. तीन मिनिटं दहा सेकंद. वेरूळच्या रस्त्यानं मी चालत येतो, गॉगल काढतो, मागं सूर्य, ठिणग्या, आणि अक्षरं: ‘धम्मपाल प्रस्तुत’. अंगावर काटा येतो.

फक्त सेव्ह होईना. मेमरी फुल. बघतो तर पोरांच्या अकरा फायली.

माणसाला आयुष्यात निर्णय घ्यावे लागतात. कच्चा माल होता तो. पुन्हा शूट करता येईल, पोरं तिथंच आहेत, टँकरही रोज येतो. डिलीट केल्या. टायटल सेव्ह झालं.

मला काहीही वाटत नाही. हे लिहून ठेवतोय कारण खरंच काही वाटत नाही.

२६ मार्च.

केसरनं विचारलं, दादा, आमचा टँकर कुठं गेला? म्हटलं, सर्व्हरवर. सांडू म्हणाला, सर्व्हर कुठल्या गावाला? म्हटलं, लांब. म्हणाला, मग बोलवून घे की, शनिवारी पाहुण्या यायच्यात.

संध्या लांबून बघत होती.

३० मार्च, शनिवार. दुपार.

काही लोकांना कला कळत नाही.

खिडक्यांना सतरंज्या लावल्या, प्रोजेक्टर सुरू. केंद्रप्रमुख बाई पहिल्या रांगेत, बद्रीनाथ सर त्यांना पेढे देतायत. टायटल सुरू झालं. मी चालत आलो. चालत आलो. अजून चालत आलो. बाईंनी सरांना विचारलं, हे कुठून येतायत? सर म्हणाले, पडेगावहून. गॉगल काढला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग ठिणग्या. मग काळा पडदा आणि ‘पाठ पहिला: लवकरच’.

बाई म्हणाल्या, पुढं? मी म्हणालो, ही संकल्पना आहे.

आणि बाहेर हॉर्न वाजला. टँकर. आज लवकर. सगळा वर्ग उठला. अंधारात सतरंज्या ओढून पोरं खिडकीतून, दारातून बाहेर. बाईंनी विचारलं, ही मुलं कुठं चालली? संध्या म्हणाली, गणिताला.

बाई मागोमाग गेल्या. मी प्रोजेक्टर राखत बसलो, महागडी वस्तू आहे. खिडकीतून दिसत होतं. केसर बाईंना ड्रम दाखवत होती. सांडूनं गळतीखाली बादली लावली आणि बाईंना मनगटावरचं घड्याळ बघायला लावलं. कडुबा आता पोरांच्या बाजूचा झालाय, उगाच मोठ्यानं सेकंद मोजत होता आणि बत्तीसनंतर चुकत होता. मनकर्णाबाई आपलं माप घेऊन आल्या, ‘मला कुणीच विचारीना’ म्हणत. केंद्रप्रमुख बाईंची साडी गुडघ्यापर्यंत ओली. हसत होत्या.

शेरेबुकात लिहून गेल्या: ‘मुलांचे प्रश्न उत्तम. प्रोजेक्टरची गरज भासली नाही.’

त्याच दिवशी, नंतर.

सगळे गेल्यावर संध्यानं विचारलं, अकरा पाठ कुठंयत? म्हटलं, सर्व्हरवर. ती म्हणाली, धम्मा. बस, एवढंच. आवाज चढवला असता तर मी दुप्पट चढवला असता, ती सोय तिनं ठेवली नाही.

सांगितलं.

ती म्हणाली, मला नको सांगू. त्यांना सांग. आणि पोरांना समोर बसवलं. इंजिनिअरिंगची तोंडी परीक्षा याच्यापुढं काहीच नाही. केसरनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे तुझं चालणं ठेवायला आमचा टँकर पुसला? असं तोंडावर म्हटल्यावर ते वेगळंच वाटतं. सांडू म्हणाला, लई हलकट हायेस. संध्या म्हणाली, सांडू! सांडू म्हणाला, बरं, थोडा.

बद्रीनाथ सरांनी टॅब परत कपाटात ठेवला.

१ एप्रिल.

मी गेलो नसतो. पण माझं वीस पाठांचं वचन आहे, आणि वचन मोडणारा मी नाही. तारीख चुकली, वचन तेच. सकाळची शाळा झालीय. पहाटे साडेपाचला निघालो.

केसरकडं वहीत यादी. पुसलेले अकरा, नवे नऊ. वर नियम: दादाचा मोबाइल वापरायचा. दादानं बोलायचं नाही. दादानं दिसायचं नाही. दादानं नुसता धरायचा.

मी विचारलं, स्टँड लावू का? सांडू म्हणाला, तूच स्टँड.

ठीक आहे. बघू कोण आधी थकतं.

५ एप्रिल.

सात झाले. मनकर्णाबाईंना पहिल्या वेळी जे सुचलं ते आता आठवेना. तांदूळ मोजता मोजता माझ्याकडं बघून म्हणाल्या, पुसणाऱ्यानं आधी खाऊन घ्यावं. ताटली दिली. दंड भरून आलेत. जिमला अडीच महिन्यांत झालं नव्हतं.

आज संध्यानं विचारलं, दुखतोय का हात? म्हटलं, नाही. (हे हो होतं. तिला कळलंच असणार.)

१२ एप्रिल, शुक्रवार.

वीस!

विसावा पाठ केसरचा. टँकरची गळती कडुबानं वॉशर टाकून बंद केली, आता ड्रम किती भरतात? चोवीस आणि वर थोडं. पंचवीस का नाही? केसर कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली, हे आम्हाला अजून माहीत नाही. आणि संपवलं. मी बोलणारच होतो, की पाठाचा शेवट असा करत नाहीत. पण नियम. चार मिनिटं दहा सेकंद श्वास रोखून उभा.

लोगो लावलेला नाही. विसरलो.

१४ एप्रिल. जयंती.

सकाळी वंदना झाली. पप्पांनी पांढरा शर्ट घातलेला, मोबाइल मागितला, विसावा पाठ बघितला. म्हणाले, तू कुठं दिसत नाहीस. म्हटलं, मी धरलाय. त्यांनी पुन्हा लावला. चाळीस वर्षं फिटर आहेत, त्यांना तेवढंच दिसतं. म्हणाले, हात हलला नाही तुझा.

आणि मिरवणुकीच्या तयारीला गेले. पुन्हा अर्धवट बोलून.

उद्या शाळेत सगळ्यांसमोर वीस पाठ. परवा संध्याशी बोलणं. आईला अजून सांगितलं नाही, पण तिनं नवीन चादरी काढून ठेवल्या तर बरं.

१६ एप्रिल, मंगळवार. सायंकाळ.

शाळेच्या व्हरांड्यात बसलो. मी इस्त्रीचा शर्ट. ती पेपर तपासत होती, बाजूला ठेवले.

म्हणाली, वीस झाले. तू केलंस. आता बोलू. आणि म्हणाली, नाही.

मला वाटलं, पेपरातल्या उत्तराबद्दल म्हणतेय.

म्हणाली, धम्मा, जानेवारीतही नाहीच होतं. पण तेव्हा तुझ्याकडं धरायला काहीच नव्हतं. मी नाही म्हटलं असतं तर तू तोच नकार धरून बसला असतास, दोन-तीन वर्षं, मोठ्या आवाजात. म्हणून म्हटलं, आधी एक गोष्ट होऊ दे याच्या हातून.

मी भांडलो. म्हटलं, ही फसवणूक आहे. म्हणाली, आहे थोडी. म्हटलं, म्हणजे मी एकोणीसवर थांबलो असतो तर? म्हणाली, तर अजून टांगलेला असतास. म्हटलं, तेच बरं होतं! ती हसली नाही. तिचे डोळे भरले होते, पण ते माझ्या बाजूचं नव्हतं, हे मलाही कळलं. आयुष्यात पहिल्यांदा कळलं आणि तेही नको तेव्हा.

कॉलेजचा फॉर्म भर, एवढं म्हणाली. मी ठणकावलं, फॉर्म भरायचा की नाही ते मी ठरवीन. या शाळेत पाऊल टाकणार नाही. निघालो. दुसऱ्या फाट्यापर्यंत चालत आलो, कारण थांबून बसची वाट बघणं शोभलं नसतं.

निष्कर्ष: चूक माझीच. पूर्ण केलं.

त्याच दिवशी, रात्री ९.

केसरचा फोन, तिच्या वडिलांच्या मोबाइलवरून. दुष्काळामुळं सुट्टीतही खिचडीसाठी शाळा उघडी राहणार, तर तिसरीच्या पोरांसाठी पाठ करायचे ठरलेत. चोविसाचे पंचवीस का होत नाहीत, त्याचाही तपास बाकी आहे. उद्या टँकर आठला. मी स्पष्ट सांगितलं, माझा त्या शाळेशी संबंध संपला, कायमचा, मी शब्दाचा पक्का माणूस आहे.

ती म्हणाली, बरं. मग नुसता मोबाइल पाठव.

म्हटलं, मोबाइल एकटा कसा येईल?

पलीकडं कुजबुज झाली. सांडूचा आवाज असावा. मग केसर म्हणाली, मग तू घेऊन ये. पण बोलू नको.

मी फोन ठेवला. एकवीस टक्के बॅटरी होती.

चार्जिंगला लावलाय. उगाच सेल खराब होतो म्हणून.